डॉक्टर खांबेट्यांनी देवीला दुसरा प्रश्न विचारला

अध्यक्ष मामलेदारसाहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, आजचे उत्सवमूर्ती डॉक्टर खांबेटे, आनंदीवैनी आणि दाटीवाटीने बसलेल्या समस्त बंधुभगिनींनो, या सोनूबाईचा नमस्कार घ्या.

आधीच्या वक्त्यांनी डॉक्टरांना देव केलं. देवाला भूक नसते, झोप नसते. म्हणूनच त्यांना भरल्या ताटावरून उठवत होतात ना? मी आपली माणसाबद्दल बोलते.

मागे एका आषाढात माझी सून तुळसा पोट धरून लोळायला लागली. मुलगा जहाजावर खलाशी. पावसाळ्यात मुंबईची आगबोट बंद. डॉक्टर म्हणाले, "आत गाठ पिकलीय. इथेच पोट उघडतो." आमच्या गावात जित्या माणसाचं पोट तोवर कुणी उघडलं होतं? आम्ही देवीला कौल लावला. पाकळी उजवीकडे पडली की होकार, डावीकडे नकार. महिपत गुरवाने विचारलं, "पोट कापू द्यावं काय?" पडली डावीकडे. झालं! पोरीला दवाखान्यातून घरी न्यायला डोली आणली.

तेवढ्यात डॉक्टर वहाणा काढून देवळात शिरले. मला वाटलं, आता आमचा उद्धार करणार. तर म्हणतात कसे, "महिपतबुवा, लेकीचं पोट कापू का म्हटल्यावर कुठली आई हो म्हणेल? नीट विचारा. खांबेट्याने पोरीला वाचवायला हात लावावा काय?"

"देवीला दोनदा विचारत नाहीत, डॉक्टर."

"प्रश्न नवा आहे, बुवा."

पाकळी उजवीकडे पडली. पुढे एकदा मी विचारलं, "आणि डावीकडे पडली असती तर?"

"तिसरा प्रश्न तयार होता, सोनूबाई."

ती बघा तुळसा, पुढेच बसलीय. डोळे पूस गो, कुणी मेलेलं नाही.

आता डॉक्टर निघाले, तर बाजारात कुजबुज सुरू. त्यांच्या हाताखाली तयार झालेले डॉक्टर तोडणकर म्हणे कोवळे. पुन्हा आपली आगबोट नि मुंबई. अहो, मग या माणसाने इतकी वर्षं इथे केलं काय?

माझ्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. खांबेटे मागे लागून दमले, मी दाद दिली नाही. परवा तोडणकरांना सांगितलं, तुम्ही काढा. सोमवारी टेबलावर झोपते. बघायला या, म्हणजे तुमचेही डोळे उघडतील.

डॉक्टर, तुमचे उपकार मानते. बोलण्यात कुठे मीठ जास्त पडलं असेल तर मंडळींनी म्हातारीला सांभाळून घ्यावं.

आणि हो, कौल लावलाय. पहिली पाकळी डावीकडे पडली. महिपतला म्हटलं, नीट विचार.