दोन सीटांच्या मधला दांडा

...आन् वर मलाच म्हणायलेत, "जगदेवी, तू लै भित्री हायस!" मी भित्री? तुम्हीच सांगा, दोन माणसांच्या मांड्यांमधनं लोखंडाचा दांडा गरागरा फिरायलाय, मिनिटाला तीन-चार हजार फेरे, आन् मधी आडोसा काय, तर जेवायच्या ताटाएवढा पातळ पत्रा! त्याला भ्यायचं न्हाई तर काय उंदराला भ्यायचं?

थांबा, नीट सांगते. आमच्या ह्यांचं नाव अमरनाथ. घेतलं नाव, जाऊ द्या. कोहिनूर गावात ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान हाय आमचं. हात सोन्याचा, पण डोकं सगळं मोबाईलमधी. कुण्या देशातला एक म्हातारा घरामागं बसून आपल्या हातानं रेसची गाडी बनवायलाय, ते बघितलं आन् ह्यांना खूळ लागलं. कोइमतूरच्या एका माणसाकडनं पायपांचा सांगाडा मागवला, वरचं फायबरचं अंग मागवलं, सगळं सुटं, पेट्या भरून, आपलं आपणच जोडून घ्यायचं. इंजिन भंगारातल्या व्हॅनचं. गाडी कसली हो, तांबडं पायताण! छत न्हाई, दार न्हाई, मागचं सीट तर न्हाईच. म्या म्हटलं, "दोनच सीट कामून?" तर इकडं बघितलं, तिकडं बघितलं आन् हल्लू म्हणतात कसं, "लग्नाला अकरा वर्षं झाली, कवा गाडीत आपण दोघंच बसलोय का गं? मागं आई, बाजूला अक्का, मांडीवर कुणाचं तरी लेकरू..." अय्यो! म्या उठून चहा टाकला, साखर जरा जास्तीच घातली.

पण तो दांडा! इंजिन पुढं, जोर पायजे मागच्या चाकांना, मग तो जोर मागं न्यायला मधनं हा लांबच्या लांब दांडा. मोठ्या गाडीत तो खाली असतोय, आपल्याला पत्ताबी लागत न्हाई. ही गाडी बुटकी, आपण रस्त्याला टेकूनच बसल्यागत, मग दांडा थेट माझ्या उजव्या मांडीला, ह्यांच्या डाव्या मांडीला! म्या विचारलं, "हा मोडला तर?" हे हसले. "मोडतंय कशाला?" मोडतंय कशाला म्हणं! फिरणाऱ्या दांड्याला काय कळतंय हो, कोण कुणाची बायको!

तुम्ही म्हणाल, बाईला एवढं कसं ठाऊक? सांगते. माझी मावशी अनसाबाई, मादन हिप्परग्याची. सुगीत तुरीची रास चाललेली, ट्रॅक्टरपासून मळणी यंत्रापातूर असाच एक दांडा फिरायला होता. त्याच्यावर झाकण असतंय, पण ग्रीस द्यायला अडचण व्हायली म्हणून कुणीतरी काढून बाजूला ठेवलेलं. मावशी घागर घेऊन जवळनं गेली, वाऱ्यानं पदर उडाला... बस. जीव वाचला, डावा हात कोपरापासनं गेला. आज एका हातानं भाकरी थापते ती, माझ्याहून गोल. आन् कुणी विचारलं तर एवढंच म्हणते, "झाकण होतं गं. काढून ठेवलं होतं." तवापासनं मला ते गरगर फिरणं दिसलं की मी आधी पदर खोचते. ह्यांना हे सगळं ठाऊक हाय बरं! पण माणूस आपल्या हातानं बनवतो त्या चीजला वंगाळ म्हणून बघतच न्हाई.

मग मी गेले पिराजीमामाकडं. पिराजीमामा म्हणजे आमच्या दुकानातले जुने मिस्त्री, आयुष्य ट्रकांखाली उताणं पडून काढलेलं. ते म्हणाले, "अक्का, बरोबर विचारलीस तू. दांड्याच्या दोनी टोकांना क्रॉस असतोय, अधिकच्या खुणेसारखा लोखंडी तुकडा. तो झिजून मागचा तुटला तर दांडा सोटा फिरवल्यागत गाडीत फिरतोय. पुढचा तुटला तर त्याहून वाईट, टोक खाली रस्त्यात रुततंय, आन् बांबू टेकून पोरं वढा वलांडतात ना, तशी गाडी वर उचलती." म्या म्हटलं, "मग विलाज?" "सोपा हाय. दांड्याभवती जाड पट्टीचं कडं घालायचं, सांगाड्याला बोल्टानं आवळायचं. दांडा मोडला तरी कड्यातच राहतोय."

घरी येऊन सांगितलं तर ह्यांचं तोंड असं, जशी काय म्या गाडीला बैल जुंपायला सांगितला! "जगदेवी, गाडी हलकी पायजे! एकेक बोल्ट वजन करून बसवलाय! कड्यानं तीन किलो वाढतंय!" म्या म्हटलं, "मी दोन महिने भात सोडते, तीन किलो कमी होते, कडं बसवा." "खाली-पिली हट्ट करू नको." म्या बी मग शांतपणानं सांगितलं, न ओरडता, "कडं न्हाई तर मी न्हाई. दुसऱ्या सीटवर जॅक ठेवून फिरा." दोन दिवस हे जेवले, पण आमटी वाढ म्हटले न्हाईत, वाटी नुसती पुढं सरकवायचे. तिसऱ्या दिवशी पिराजीमामानं पुढच्या टोकापाशी कडं बसवलं. हे शेजारी उभे राहून म्हणत होते, "बघा मामा, बायकांचं ऐकून गाडीला दागिने घालायले!"

घालू द्या की! फिरणाऱ्या दांड्याला काय कळतंय, दागिना हाय का काय हाय!

मग त्या रविवारी सकाळी निघालो बसवकल्याणला. खरं सांगते, बरं वाटलं. दोनी बाजूला तुरी, अंगावर ऊन, वारं असलं की बोललेलं ऐकू येईना, तरी हे बोलायले, मी बी माना हलवायले. ऐंशीवर काटा गेला आन्... खट्! मग इंजिन केकाटलं आन् बुडाखाली असा खडखडाट सुरू झाला, लोहाराच्या ऐरणीवर बसवल्यागत! ह्यांनी पाय काढला, स्टेरिंग घट्ट धरलं, गाडी सरळ, सरळ, सरळ चालत गेली आन् बांधाला टेकून थांबली. कुठं उडाली न्हाई, कुठं उलटली न्हाई. मी खाली उतरले. पाय होते दोनी. मोजले की!

हे वाकले, खाली बघितलं. पुढचा क्रॉस तुटलेला. दांड्याचं टोक कड्यात पडलेलं, कडं वाकडं झालेलं, घासून चांदीगत चकाकत होतं, पण धरून होतं. आन् माझ्या बाजूच्या पत्र्याला आतनं एक फुगा आलेला. म्या हात लावून बघितला, तर माझ्या मांडीपासनं चार बोटं. चारच.

हे तिथंच धुरळ्यात बसले. "लागलं का?" म्हणाले. म्या म्हटलं, "न्हाई." "लागलं का गं?" "न्हाई हो." सात वेळा विचारलं! पाण्याच्या बाटलीचं झाकण उलटंच फिरवत बसले. म्याच उघडून दिली. लै बोलायचं मनात होतं बघा माझ्या. तीन किलोचं, दागिन्याचं, भित्रेपणाचं, सगळं ओठावर आलेलं. पण त्या माणसाचं तोंड बघितलं आन् सगळं गिळलं. फिरणाऱ्या दांड्याला काही कळत न्हाई, मला तर कळतंय ना!

पिराजीमामा ट्रॅक्टर घेऊन आले, गाडी वढून नेली. त्याच हप्त्यात ह्यांनी नवा दांडा घातला, तोल बघून आणला. पुढचं कडं दुप्पट जाड केलं, मागं दुसरं घातलं, मधी जाड पत्रा ठोकला, वजनाचं नाव न्हाई काढलं. गिऱ्हाईक आलं की आधी गाडीखाली झोपवून कडं दाखवतात, मग ट्रॅक्टरला काय झालं ते विचारतात.

एवढं सगळं झालं, म्या म्हटलं, चला, आता निवांत फिरू. साडी बदलून आले तर ह्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "ट्रॅक्टर येतोय तुला, लायसन हाय, तूच चालव." "आन् तुम्ही?" तर खाली बघून म्हणतात, "माझी अजून छाती होत न्हाई गं त्यात बसायची. मी मागनं मोटारसायकलवर येतो... पाने-बिने घेऊन."

आता दर रविवारी मी पुढं तांबड्या गाडीत एकटी, आन् मागनं हेल्मेट घालून हे. बसवकल्याणच्या नाक्यावर लोक विचारतात, "अक्का, मागं कोण हाय?" काय सांगायचं? म्या म्हणते, "मिस्त्री हाय. जरा भितंय, पण काम चोख करतंय."