डॉक्टरांनी आवळलेले सव्वीस बोल्ट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या जुन्या मोटारींच्या मंडळाचे आधारस्तंभ माननीय वकीलसाहेब, व्यासपीठावर बसलेले सन्माननीय पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आपले दातांचे डॉक्टर, त्यांना न्यायला आलेली त्यांची लेक, आणि हात कितीही धुतले तरी नखांत ग्रीस घेऊन आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

वकीलसाहेबांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. मी छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. तास संपल्याची घंटा झाल्यावरही एक उदाहरण पूर्ण करायची माझी खोड आहे, तेव्हा अध्यक्षांनी घड्याळ खिशात ठेवावं ही विनंती.

डॉक्टर उद्या हे गाव सोडून लेकीकडे कायमचे राहायला चालले आहेत. त्यांच्या हाताला कंप आहे. स्वतःची गाडी त्यांनी गेल्याच महिन्यात मंडळाच्या स्वाधीन केली. आधीच्या वक्त्यांनी सांगितलं की कार्बोरेटरची बारीक छिद्रं दात कोरायच्या हत्यारांनी साफ करणारा असा माणूस पुन्हा होणे नाही. खरंच आहे. पण मी सांगणार आहे ती गोष्ट त्यांच्या कौतुकाची नाही, त्यांच्या चुकीची आहे. डॉक्टर, असे दचकू नका. मी तुमची परवानगी घेतलेली नाही.

तुमच्यातल्या नव्या सभासदांना माहीत नसेल, आमची हिरवी, लांब नाकाची, आठ सिलेंडरची गाडी मुळात आमच्या ह्यांची. हे पाणीपुरवठा खात्यात इंजिनियर होते. डॉक्टर त्यांचे जिवलग मित्र. दर रविवारी दोघंही आमच्या गॅरेजमध्ये. एकाचे पाय गाडीखाली, दुसऱ्याचं डोकं बॉनेटखाली, आणि चहा कुणाला द्यायचा हे मला पायांतल्या चपलांवरून ओळखावं लागे.

एका रविवारी इंजिनाच्या वरचा भाग, सिलेंडर हेड, पुन्हा बसवायचा होता. त्याला सव्वीस बोल्ट असतात. ते मधून बाहेर, क्रमानं आणि बेतानं आवळायचे असतात. डॉक्टरांनी एक जरा जास्तच आवळला. हेडला तडा गेला. त्या गाडीचं हेड म्हणजे काय बाजारात मिळणारी वस्तू आहे? ह्यांचा तोल गेला. हे म्हणाले, "दात उपटायची सवय असलेल्या माणसाच्या हातात पाना द्यायलाच नको होता."

डॉक्टरांनी पाना खाली ठेवला. फडक्याला हात पुसले. माझ्याकडे बघून "येतो वहिनी" म्हणाले आणि गेले. ते अकरा वर्षं आले नाहीत.

बघा, एका गावात, चार गल्ल्यांच्या अंतरावर. फोन दोन्ही घरांत होता.

गाडी तशीच राहिली. ह्यांनी ती हळूहळू सगळी सुटी केली, म्हणे एकदाच काय ते नीट करू. खोक्यांमागून खोकी भरली. आणि मग एका सकाळी, दाढी करता करता, हे गेले.

दीड महिन्यानं दारावर डॉक्टर. हातात जड लाकडी पेटी. आत आले, पेटी खाली ठेवली आणि म्हणाले, "वहिनी, हेड मिळालं." अकरा वर्षं ते शोधत होते. किती देशांत पत्रं पाठवली असतील त्यांनाच ठाऊक. शेवटी समुद्रापलीकडच्या एका म्हाताऱ्या मालकानं आपल्या मोडक्या गाडीचं काढून पाठवलं. बदल्यात काय मागितलं? गाडी चालू झाली की तिचा एक फोटो.

मी विचारलं, "पेटी कधी आली?"

ते खाली बघत म्हणाले, "तो जायच्या तीन आठवडे आधी. रोज निघायचो. कोपऱ्यापर्यंत यायचो. वाटायचं, तोंडावर दार लावलं तर?"

तीन आठवडे! मला काय झालं कळलं नाही. ज्या दाराची त्यांना भीती होती, ते मी लावलं. "पेटी घेऊन जा" असंही म्हटलं. नेली नाही त्यांनी. बाहेर पायरीवर ठेवून गेले.

पुढे गाडी विकायचं ठरवलं. एक व्यापारी आला. त्याला पुढचे दोन दिवे, रेडिएटर आणि डॅशबोर्ड हवा होता. "बाकीचं भंगारात घाला," म्हणाला. त्यानं दिवा उचलला. मी फोन लावला. मला फक्त एवढंच बोलता आलं, "डॉक्टर, तो दिवे नेतोय."

"कशाला हात लावू देऊ नका. आलोच."

दवाखान्यात पेशंट तोंड उघडून बसला होता. त्याला तोंड मिटायला सांगून डॉक्टर पांढऱ्या कोटातच धावत आले. व्यापाऱ्याला वाटलं, मला झटका आला आहे! तो गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "विकू नका असं मी म्हणणार नाही. तो माझा हक्क नाही. पण सुटी विकू नका. जोडून विका."

मंडळी, मग चौदा महिने आपलं मंडळ आमच्या गॅरेजमध्ये राबलं. शिवणकामवाल्या ताई आपली क्रीम रंगाची गाडी उन्हात सोडून आमच्या गाडीच्या गाद्या शिवत बसल्या. वकीलसाहेबांनी तर आपल्या गाडीचा चालू मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणारं यंत्रच, काढून दिला. पाच महिने स्वतः रिक्षानं कोर्टात गेले, आणि उशिराचं कारण न्यायाधीशांना काय सांगितलं ते अजून आम्हाला सांगत नाहीत. ह्यांनी प्रत्येक खोक्यावर काय आहे ते लिहिलं होतं, पण इंजिनियरचं अक्षर! मी इतक्या मुलांच्या वह्या तपासल्या म्हणून ते लागलं.

हेड बसवायचा दिवस आला. डॉक्टरांनी पाना माझ्यापुढे धरला. "वहिनी, तुम्ही आवळा. माझा हात नको."

मी म्हटलं, "डॉक्टर, शाळेत ज्याचं उदाहरण चुकलं, त्यालाच मी फळ्यावर पुन्हा सोडवायला लावायचे."

ते हसले नाहीत. पाना हातात घेतला. मी क्रमांकांचा कागद घेऊन उभी राहिले आणि हजेरी घ्यावी तसे आकडे पुकारू लागले. "एक." टक् असा आवाज आला की ते पुटपुटायचे, "हजर." "दोन." "हजर." सव्वीस बोल्ट, तीन फेऱ्या. शेवटच्या बोल्टाला डॉक्टरांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

गाडी चालू झाली तेव्हा तुम्ही सगळे टाळ्या वाजवत होतात. डॉक्टर मात्र बॉनेटवर हात ठेवून हळूच बोलले, "माझं चुकलं होतं रे." त्यांना वाटलं, इंजिनाच्या आवाजात कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं. फोटो समुद्रापार गेला. गाडी विकायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही, आणि साठीत मी ती चालवायला शिकले, दर रविवारी डॉक्टर येऊन शेजारी बसून शिकवायचे.

आता जे आजवर बोलले नाही ते बोलते. डॉक्टर, चूक ह्यांचीही होती. ते वाक्य तोंडातून गेलं आणि ह्यांचा घास अडला. मी म्हणायचे, फोन करा. हे म्हणायचे, "तो करेल." शेवटच्या वर्षी तर दोनदा नंबर फिरवून ठेवून दिला. हे मला ठाऊक होतं, आणि मी नऊ वर्षं तुम्हाला सांगितलं नाही. आधी रागानं. मग राग गेला, तरी सांगितलं नाही. का? भीती होती, की मनावरचं ओझं उतरलं तर तुम्ही रविवारी यायचे बंद व्हाल. घरात रविवारी माणसाचा आवाज असायचा, तो मला हवा होता. हा माझा स्वार्थ. सगळ्यांसमोर कबूल करते, कारण एकट्यात सांगायला गेले असते तर तुमच्यासारखीच कोपऱ्यावरून परत फिरले असते.

डॉक्टर, डोळे पुसायला माझा रुमाल घ्या. तुमच्याला ग्रीस असेल.

राहिला प्रश्न उद्याचा. तुमचं रेल्वेचं तिकीट तुमच्या लेकीनं परवाच रद्द केलं आहे. तिला रागावू नका, मीच सांगितलं. सकाळी सात वाजता हिरवी गाडी तुमच्या दारात येईल. दोन दिवसांचा रस्ता आहे. मी चालवणार, तुम्ही शेजारी बसायचं, आणि गियर टाकताना "हळू, हळू" म्हणायचं नाही. वकीलसाहेब आणि ताई आपापल्या गाड्या घेऊन मागे असतील, म्हणजे एक बंद पडली तर उरलेल्या दोघी आहेतच.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, अध्यक्षांनी घंटा वाजवली नाही, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात काही उणंअधिक गेलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर पदरात घ्या. आणि डॉक्टर, तुम्ही तर ते घ्याच. उद्या सामान थोडंच आणा, डिकी लहान आहे.