बिननाडीचा पायजमा

कॅम्प चारच्या बाजारातल्या टेलरकडे मी पँट आखूड करून घ्यायला थांबलो होतो. पुढे अंबरनाथहून आलेलं जोडपं. बाई काउंटरपाशी, नवरा स्टुलावर पाठ फिरवून, जणू ओळखच नाही.

"पायजमा शिवायचाय. नाडी नको, इलास्टिक लावा."

"नाडी मजबूत रहती है, भाभी."

"जेलमध्ये नाडी आत घेऊ देत नाहीत हो. मुलगा आहे तिथे. सोहम."

"सांग, सगळ्या बाजाराला सांग. बायकांच्या गळ्यातली चेन खेचणाऱ्याची आई म्हणून."

"त्यानं खेचली नाही. तो गाडी चालवत होता."

"मग ड्रायव्हर म्हणून सत्कार करू?"

"बारावीत नापास झाला तेव्हा तुम्ही त्याला घराबाहेर काढलंत. त्या पोरांनी ठेवून घेतलं, जेवू घातलं. मग म्हणाले, गाडी तेवढी चालव. कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?"

"ढकल माझ्यावर."

"ढकलत नाही. भेटायला गेले की आधी विचारतो, पप्पा बीपीची गोळी घेतात ना?"

"भाभी, कमर कितनी?"

"आधी चौतीस होती. आता काचेपलीकडून काय कळणार?"

"अंदाज से नहीं चलेगा. ढीला हुआ तो बेचारा दिनभर हाथ में पकड़ के घूमेगा."

स्टूल सरकलं.

"टेप आणा इकडे, माझं माप घ्या. माझेच कपडे घालायचा तो, न विचारता."

"अहो, पण तो वाळलाय."

"पुढच्या भेटीला मी येतो. बघेनच की किती वाळलाय."