जप्त झालेली परात

वायरलेस परवान्याच्या ऑफिसात, माझ्या शेजारच्या बाकावर एक दीर-भावजय बसले होते.

“वहिनी, माझा गुन्हा काय, सांगा ना! कंपनीवाले टेकडीवर यायलाच तयार नव्हते. मी परातीचा अँटेना करून टाकीवर चढवला, बूस्टर घरीच जोडला आणि अख्ख्या वस्तीला नेट दिलं.”

“दिलंत खरं.”

“आणि हे साहेब लोक परातीसकट सगळं उचलून घेऊन आले! कुणाच्या तरी पोटात दुखलं असणार.”

“तक्रार मी केली, भावजी.”

“तुम्ही?”

“तुमचा बूस्टर चालू झाला की आमच्या कंट्रोल रूमच्या वायरलेसवर नुसती खरखर. परवा अँब्युलन्सवाला पत्ता विचारत होता. मी घसा फोडून सांगतेय, त्याला ऐकूच जाईना.”

“मग आधी मला सांगायचं ना.”

“सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, तुमचंच मशीन जुनं झालंय.”

“पेशंट...?”

“वाचला. गाडी उशिरा पोचली, पण वाचला.”

“मग आज माझ्याबरोबर कशाला आलात?”

“परात माझी आहे, ती सोडवून न्यायला. आणि तुम्ही परवाना काढा. तो हातात पडला, की परात परत वर चढवताना शिडी मी धरते.”