माळावरचे विद्यापीठ म्हटल्याबाबत

नाव मिलिंद सोपान खरात, वय ४७ वर्षे, धंदा वडाप म्हणजे प्रवासी जीप चालवणे, रा. वडूज, जि. सातारा.

मी समक्ष पोलीस ठाण्यात येऊन विचारल्यावरून जबाब देतो की, मी वडूज ते ज्ञानतपस्वी सहकारमहर्षी श्रीमंत नाथाजीबाबा ऊर्फ दाजीसाहेब कृषी, विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ अशी जीप चालवतो. हवालदारसाहेबांच्या विनंतीवरून यापुढे नुसते विद्यापीठ म्हणतो. पंचक्रोशीत त्या जागेला माळ म्हणतात. विद्यापीठ येण्याआधी तिथे माळच होता आणि झाडे अजून लागायची आहेत.

गेल्या महिन्यात विद्यापीठाचे जनसंपर्क अधिकारी उदयसिंह पिसाळ यांनी आम्हा जीपवाल्यांची बैठक घेतली. नाव सर्वांनी सगळीकडे पूर्ण आणि एकसारखेच घ्यावे, "माळ, माळ" ओरडणाऱ्याची जीप गेटवर उभी राहणार नाही, असे बजावले. मी म्हणालो, "आवं सायेब, येवढं नाव घेईस्तवर पॅशिंजर म्हागल्या गाडीत बसतंय." त्यावर ते म्हणाले, संस्कार लागतात. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. आम्ही पाठांतर केले.

काल पदवीदान होते. माझी मुलगी दीपमाला एम.एस्सी. झाली. तिची आई ती लहान असतानाच वारली, तिला माझी आई बायडाबाई हिने वाढवले. आई म्हसवडला माझ्या बहिणीकडे होती. मी बहिणीच्या फोनवर आईला सांगितले, फाट्यावर थांब आणि माळ, माळ ओरडणाऱ्या गाडीत बस. तोंडाची सवय, दुसरे काय. काल तसे कोणीच ओरडले नाही. जीपा आल्या, पूर्ण नाव घेऊन निघून गेल्या. आईला वाटले, कुणा पुढाऱ्याचा प्रचार चालला आहे.

दीपमालाने पदवी घेतली तेव्हा ती माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. मला फार वाईट वाटले. कार्यक्रम संपताच मी फाट्यावर गेलो. आई नवे लुगडे झटकत उठली. म्हणाली, "माळावरची गाडी आलीच न्हाई रं. पोरीचं झालं व्हय?" मी तिला जीपच्या पुढच्या सीटवर बसवले.

आईला घेऊन परत आलो तेव्हा मंडपवाले खुर्च्या गोळा करत होते. उदयसिंह साहेबांना म्हणालो, "पोरीला येकदा परत स्टेजवर चढू द्या, म्हातारीनं बघितलं न्हाई." ते म्हणाले, "कुठल्या विद्यापीठाच्या स्टेजवर? आधी नाव नीट घ्या." तिथे माझे डोके फिरले.

मी माईक हिसकावला हे खोटे आहे, तो स्टँडवरच होता. मी पुकारले, "माळावरच्या विद्यापीठाची एम.एस्सी., बायडाबाईची नात, दीपमाला मिलिंद खरात!" मंडपवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. दीपमालाने पदवी माझ्या आईकडे दिली, आईने ती तिला दिली. प्रदान रीतसर झाले. त्यासाठी कुलगुरूंची खुर्ची वापरली हे खरे आहे, आईचे गुडघे दुखतात. दीपमाला आजीच्या मांडीत डोके घालून रडली. मीही रडलो.

आता गेटवर माझी जीप बंद केली आहे. नावाचा अवमान झाला म्हणून माफी मागितली तर सोडू, असे उदयसिंह साहेब म्हणतात. पोटापाण्याचा प्रश्न आहे, तरी माफी मागणार नाही.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. तो बाहेर बाकावर बसलेल्या आईलाही ऐकू गेला. माफी मागणार नाही हे वाक्य तिने पुन्हा एकदा वाचायला लावले. बरोबर आहे.