गिटारच्या ॲम्पचे जुने पार्ट

आता हसू येते. आमच्या मालकांच्या बँडमधला गिटारचा आवाज मोठा करणारा जुना ॲम्प विकाले काढला, तवा नागपूरचा एक जुन्या वस्तूंचा शौकीन आला. मागचं झाकण खोलून म्हणते, "अरेरे आजी, याची वाट कोणी लावली?"

"मी! रेडिओ खोलू-खोलू शिकली, अन् जुने पार्ट बदलून हा मीच सुधारला."

"पुन्हा ओरिजिनल करून द्या, दुप्पट देतो."

खोटं काऊन बोलू, मन डळमळलं. पण आपलं काम आपल्याच हातानं उसवायचं? होता तसाच, कमी पैशात दिला. बिस्किटाच्या डब्यात जपलेले जुने पार्टही देल्ले. म्हटलं, "तूच बसव."

आठ दिवसांनी फोन. "आजी, पार्ट बसवले, पण लय घरघर करून राह्यला!"

"बराबर हाय बाबू. ओरिजिनल तसाच होता."