माझा झोपाळू वाघ

…नाही, पण मी म्हणतो, वाघाला झोप आली तर एवढा थयथयाट कशाला? वाघ आहे तो! खाईल, झोपेल! पण नाही… आमच्या कोरियात, या सोल शहरात झोपणं म्हणजे गुन्हा, मग वाघ का असेना! शी! कुठून दुर्बुद्धी सुचली मला!

तुम्हाला सांगतो, मी मोबाइलवरचे गेम बनवतो. मुलगी एकच, दान्बी, चौथीत. शाळा सुटली की गणिताचा क्लास, मग इंग्रजीचा, मग निबंधाचा, आणि जेवण? गाडीच्या मागच्या सीटवर, किंबाप, म्हणजे भाताची गुंडाळी, तोंडात कोंबून! पोरगी माझ्यासमोर बसून शेवटचं कधी जेवली, आठवत नाही हो मला. म्हणून म्हटलं, असा गेम काढू की पोरं घरीच हसतखेळत अभ्यास करतील, क्लास सुटतील, आणि संध्याकाळी दान्बी माझ्या शेजारी जेवायला… बघा, किती भाबडा माणूस! शाळेचा अभ्यास केला की वाघाच्या पिल्लाला खाऊ. त्या दिवसाचा अभ्यास संपला की वाघ झोपणार, घोरणार, गेम बंद! का? तर पोरांनी बाहेर उंडारावं! ते घोरणंसुद्धा दान्बीनं स्वतः घोरून दिलंय, नाक दाबून, हसत हसत…

आणि पहिल्याच आठवड्यात आयांचे फोन! ‘अहो, आमचा वाघ झोपलाय!’ म्हटलं, अभिनंदन, अभ्यास संपला. ‘संपला कसा? वरच्या मजल्यावरच्या ग्योमचा वाघ जागा आहे!’ अहो बाई, त्याचा अभ्यास राहिलाय! ‘राहिलाय? म्हणजे त्याला जास्त अभ्यास आहे? मग आम्हाला का नाही?’ …आता बोला! शी!

आमचे साहेब तर खूश. ‘वा! ज्याचा वाघ जास्त जागा, त्याचं नाव यादीत वर लावा!’ म्हटलं, साहेब, पोरांनी खेळायला जावं म्हणून… ‘खेळतायत की! वाघाशी!’ किळस आली हो मला, किळस! कुठून दुर्बुद्धी सुचली!

पण थांबा, पुढे ऐका. महिन्याभरात आमच्याच गल्लीत पाटी लागली, ‘वाघाचे क्लास. झोप उडवण्याची हमी.’ माझ्या गेमची शिकवणी! आणि रांगेत पहिली कोण? आमची बायको! म्हटलं, अगं दान्बीची आई, वाघ माझा आहे! ‘म्हणून तर! वाघवाल्याचीच मुलगी वाघात कच्ची, चार लोकांत तोंड कुठे दाखवू? आणि तुम्हीही चला, तिथे पालकांचीही प्रवेशपरीक्षा असते.’

बसलो परीक्षेला! पहिलाच प्रश्न, वाघ का झोपतो? मी लिहिलं, पोरांनी बाहेर खेळायला जावं म्हणून. चूक! क्लासच्या संचालकबाई चष्म्यावरून बघत म्हणतात, ‘वाघ झोपतो तो उजळणी कमी पडल्यामुळे.’ अहो बाई, हा वाघ मी काढलाय! ‘काढला असेल हो, पण तुमचा पाया कच्चा आहे.’ पाया! माझा! माझ्याच वाघात! आणि दान्बी? तीही नापास. शब्दाला शब्द तेच उत्तर लिहिलं होतं पोरीनं. पेपर हातात घेऊन मी तिथेच उभा… राग यायला हवा होता ना? डोळ्यांत पाणी आलं हो, काय करणार.

तर आता दोघं कच्च्यांच्या वर्गात. मागचा बाक. वर्गात वाघ घोरला की सगळी पोरं दचकतात, आम्ही दोघं खाली माना घालून हसतो. मधल्या सुट्टीत किंबाप, अर्धा तिचा, अर्धा माझा. काल खाता खाता हळूच विचारते कशी, ‘बाबा, पुढच्या परीक्षेतही नापास व्हाल ना?’

होणार! अभ्यासच करत नाहीये!